फोटोग्राफीच्या छोट्या धंद्याने काय शिकवलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारा वर्षं झाली हा धंदा करतेय, मी आणि एक असिस्टंट, बाकी कोणी नाही. नवीन मुलं-मुली विचारत असतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून एकदा सगळं बसून लिहून काढलंय. आधी साधे प्रश्न आहेत, मग अडचणीचे. तीच गोष्ट दोनदा सांगायची टाळलीय, त्यामुळे 'अमुक प्रश्न बघा' असं दिसलं तर खरंच तिकडे जाऊन बघा.

१. धंदा सुरू करायचाय, कुठला कॅमेरा घेऊ?

आहे तोच ठेवा. त्यावर चांगले फोटो येत असतील तर पहिले पैसे भारीतल्या कॅमेऱ्यावर घालू नका, दुसऱ्या कॅमेऱ्यावर घाला, सेकंडहँड असला तरी चालेल. काम अंगावर घेतलं की ऐनवेळी कॅमेरा बंद पडला हे कारण देता येत नाही, समोरच्याचा तो दिवस परत येणार नसतो. दोन बॉडी (म्हणजे लेन्स सोडून नुसता कॅमेरा), त्यातल्या एकीला तरी दोन कार्डांचे स्लॉट, म्हणजे प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर उतरतो, तीन-चार बॅटऱ्या, एक ३५ एमएम आणि एक ८५ एमएम लेन्स, एवढ्यावर मी पहिली चार वर्षं काढली. लांबचं जवळ आणणारी मोठी टेली लेन्स लागली की भाड्याने आणायची.

आणि दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं शूटच्या आधी जुळवून घ्या. एकदा माझ्या दोन बॉडींमध्ये सात मिनिटांचा फरक होता आणि फोटो वेळेप्रमाणे लावले तर टाळ्या आधी आणि भाषण नंतर. सॉफ्टवेअरमध्ये वेळ सरकवता येते हो, पण नेमकी किती सरकवायची हे कळायला दोन्ही कॅमेऱ्यांत टिपलेला एकच क्षण सापडावा लागतो, तो शोधण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली.

२. माझे फोटो सगळ्यांना आवडतात, मग धंदा चालेल ना?

फोटो चांगले असणं ही सुरुवात आहे. माझा आठवडा बघितला तर कॅमेरा हातात असतो एक दिवस, फार तर दोन. बाकीचे दिवस फोटो निवडणं, एडिटिंग, बिलं, हिशोब, प्रिंट तपासणं आणि लोकांशी बोलणं ह्यात जातात. ज्यांना हे बोलणं नकोसं वाटतं त्यांनी एखाद्या मोठ्या स्टुडिओत नोकरी करावी, त्यात कमीपणा काहीच नाही, उलट काम मनासारखं होतं. मला हे कळायला दोन वर्षं लागली. गिऱ्हाईक पुन्हा येतं ते फोटो बघून येतंच, पण त्याहून जास्त ह्यासाठी येतं की तुम्ही म्हणालात त्या दिवशी फोटो मिळाले आणि मधल्या काळात फोन उचललात.

३. दर कसा ठरवू? बाकीचे घेतात तेवढाच घेऊ का?

बाकीच्यांचा दर माहिती असावा, पण त्यांचा खर्च तुम्हाला माहिती नसतो, त्यामुळे आपला हिशोब आपणच करायचा. समजा सहा तासांचं शूट आहे आणि त्यात १८०० फोटो निघाले. त्यातून ४०० निवडायला निदान तीन तास. एकेका फोटोच्या एडिटिंगला दोन मिनिटं धरली तरी ८०० मिनिटं, म्हणजे तेरा तासांच्या वर. जाणं-येणं, आधीची भेट, बॅकअप, अल्बमची मांडणी हे सगळं मिळून अजून पाच-सहा तास. म्हणजे सहा तासांचं काम खरं तर सत्तावीस-अठ्ठावीस तासांचं असतं, आणि आपण पैसे मात्र सहा तासांचे सांगतो. माझी पहिली दोन वर्षं ह्याच चुकीत गेली, कामं भरपूर होती, झोप नव्हती आणि वर्षाच्या शेवटी हातात काही उरत नव्हतं.

ह्याच्यावर रिकाम्या महिन्यांचा खर्च आणि सामानाची झीज धरा. कॅमेऱ्याचं शटर कधीतरी बदलावं लागणार आहे, हार्ड डिस्क भरणार आहे, ते पैसे प्रत्येक कामातून थोडे थोडे बाजूला पडले पाहिजेत, नाहीतर सगळी पदरमोड होते. दर सांगताना आवाज खाली नेऊ नका आणि सांगून झाल्यावर गप्प बसा. मला गप्प बसताच यायचं नाही, समोरचा काही बोलायच्या आत मीच 'कमी करता येईल' म्हणून मोकळी व्हायचे.

४. मित्र, नातेवाईक असतील तर पैसे घ्यायचे का?

'भीड भिकेची बहीण' हे मी लहानपणापासून ऐकत आले आणि अर्थ कळला तो ह्या धंद्यात. माझ्या मावसबहिणीचं काम मी अर्ध्या पैशात केलं. तिला वाटलं घरचंच आहे, मागेपुढे झालं तर चालतंय, म्हणून दहा वेळा बदल सांगितले. मला वाटलं एवढ्या कमी पैशात करतेय, जरा समजून घ्यावं. अर्ध्या दरात दोघींचंही समाधान झालं नाही आणि वर्षभर बोलणं तुटक राहिलं.

तेव्हापासून एक घाव दोन तुकडे. एकतर पूर्ण पैसे घेते, नाहीतर सरळ भेट म्हणून देते, मधलं काही नाही. भेट द्यायची असली तर ती पूर्ण कामासारखीच करायची, तारीख पाळायची, प्रिंट तीच चांगल्या कागदावर द्यायची. आणि सूट द्यायचीच असेल तर बिलावर मूळ रक्कम लिहून खाली सूट दाखवा, म्हणजे पुढच्या माणसाला 'तिला एवढ्यात केलंस' हे कळतं तेव्हा पूर्ण गोष्ट कळते.

५. लेखी करार खरंच लागतो का? लोकांना अविश्वास वाटतो ना.

लागतो. ओळखीच्या माणसाबरोबर तर जास्तच लागतो. माझी जितकी भांडणं झाली त्यातलं एकही फोटो वाईट आले म्हणून झालेलं नाही, सगळी आधी न बोललेल्या गोष्टींवरून झाली. एका कामात मी १२० फोटो दिले, मला वाटलं भरपूर झाले, त्यांच्या डोक्यात ५०० होते. दोघांपैकी कोणी खोटं बोललं नव्हतं, आकडा कोणी उच्चारलाच नव्हता!

एक पान पुरतं आणि साध्या भाषेत लिहा. किती तास, अंदाजे किती फोटो, कधी मिळणार, ॲडव्हान्स किती, तारीख बदलली तर काय, काम रद्द झालं तर काय, बदल किती वेळा करून मिळणार, मूळ फाइल्स मिळणार का (प्रश्न ६), फोटो मी माझ्या कामाचा नमुना म्हणून दाखवू शकते का (प्रश्न ११). शिवाय मी आजारी पडले तर कोण येणार हेही लिहा, ते बहुतेक लोक विसरतात. कागद पुढे करताना मी म्हणते, 'हे माझ्यासाठी जेवढं आहे तेवढंच तुमच्यासाठी आहे, चार महिन्यांनी दोघांनाही आठवणार नाही.' आजवर एकानेही तोंड वाकडं केलेलं नाही.

६. गिऱ्हाईक रॉ फाइल्स मागतंय, देऊ का?

ते का मागतायत ते आधी विचारा. बऱ्याचदा त्यांना फक्त भीती असते की तुम्ही चांगले फोटो मागे ठेवताय. रॉ म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती, १४ बिटची फाइल असेल तर एका रंगाच्या १६,३८४ पायऱ्या आणि जेपेगमध्ये, म्हणजे आपण नेहमी पाठवतो त्या तयार फोटोच्या फाइलमध्ये, फक्त २५६, म्हणूनच रॉमधून अंधारातला चेहरा वर काढता येतो. पण उघडल्यावर ती फिकी, निर्जीव दिसते आणि ज्यांना सवय नाही ते घाबरतात. मी शेजारी बसवून एक रॉ आणि तोच तयार फोटो दाखवते, दहातले नऊ जण मग मागत नाहीत. दहाव्याला कामासाठीच हवी असेल, म्हणजे समजा जाहिरातीचं काम आहे आणि एडिटिंग त्यांची माणसं करणार आहेत, तर वेगळे पैसे लावून द्या. सरसकट नाही म्हणण्यात काही हशील नाही.

७. बॅकअपचं नेमकं काय करता?

तीन-दोन-एक. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. दोन प्रती झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करत नाही, आणि फॉरमॅट कॅमेऱ्यातच करते.

हे असं कडक का, तर ऐका. पाचव्या वर्षी एका लग्नाचं शूट करून रात्री घरी आले, कार्ड रीडरमध्ये घातलं आणि फोल्डर रिकामं. काढून परत घातलं, रिकामं. हात गार पडले. त्या दिवशी मी एकाच स्लॉटची जुनी बॉडी वापरली होती कारण नवीन सर्व्हिसिंगला होती. एक गोष्ट मात्र बरोबर केली, त्या कार्डावर त्यानंतर काहीही लिहिलं नाही. फाइल पुसली गेली तरी तिची माहिती बहुतेक वेळा तिथेच असते, वर नवीन काही लिहिलं गेलं की मग जाते. म्हणून कार्डाने एरर दाखवला की लगेच बाहेर काढायचं, त्यावर चाचणी म्हणूनसुद्धा फोटो घ्यायचा नाही. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावलं आणि रात्रभर बसून राहिले. पहाटेपर्यंत फोटो यायला लागले, एकूण साधारण पाचातले चार परत आले. एक भाग गेला तो गेला.

त्यानंतर मी दोन स्लॉटशिवाय काम केलेलं नाही, आणि दर सहा महिन्यांनी जुन्या डिस्कवरची चार-पाच फोल्डरं उघडून बघते. न उघडलेल्या बॅकअपवर मी भरवसा ठेवत नाही.

८. चूक झाली तर गिऱ्हाइकाला सांगायचं का? आणि कधी?

त्याच दिवशी. वरच्या प्रश्नातलं सांगायचं तर मी सकाळी आठला फोन केला. मेसेज नाही, फोन. काय झालं, काय गेलं, काय वाचलं हे तीन वाक्यांत सांगितलं आणि कार्डाला दोष दिला नाही, एकच कार्ड घेऊन जायचा निर्णय माझा होता. पैसे परत करते म्हणाले. ती मुलगी बराच वेळ बोलली नाही, मग तिने विचारलं, 'आजोबांचे आहेत का?' मी आधीच बघून ठेवलं होतं, आजोबांचे होते. तिने अर्धे पैसे ठेवायला सांगितले आणि दोन वर्षांनी तिच्या भावाचं काम मला दिलं.

हे सगळ्यांच्या बाबतीत असं होत नाही. दुसऱ्या एका चुकीत माणसं खूप चिडली आणि परत कधी आली नाहीत, तो त्यांचा हक्क होता. तरी लवकर सांगितल्याचा मला कधी पश्चात्ताप झालेला नाही, ताकास तूर लागू न देता दिवस ढकलण्यात मात्र जीव नुसता टांगणीला लागतो, आपला पण आणि त्यांचा पण.

९. मी बुजरी आहे. लोकांना पोज द्यायला कसं सांगू?

बुजऱ्या माणसाला समोरच्याचा बुजरेपणा लवकर कळतो, त्यामुळे ही अडचण समजू नका. १८३९ साली दागेर ह्या फ्रेंच माणसाची फोटो काढायची पद्धत जगासमोर आली तेव्हा एका फोटोला कित्येक मिनिटं लागायची, पुढे वेळ कमी झाला तरी स्टुडिओत डोकं हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावायचे. आता शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागात उघडून मिटतं, पण माणूस अजूनही कॅमेरा दिसला की श्वास धरतो आणि खांदे वर घेतो.

मी पहिली दहा मिनिटं फोटो काढते पण ते धरत नाही. हातांना काहीतरी काम देते, चष्मा पुसा, बाही दुमडा, खुर्ची इकडे सरकवा. 'हसा' असं कधी म्हणत नाही. मग एकदा कॅमेरा खाली घेऊन 'झालं' म्हणते, समोरचा श्वास सोडतो, खांदे खाली येतात, आणि तेव्हा विचारते, 'अजून एक घेऊ?' तोच फोटो बहुतेक वेळा घरात लागतो.

१०. रिटचिंग किती करायचं?

दोन आठवड्यांत आपोआप जाणार असेल ते काढा, पुटकुळी, ओरखडा, कपड्यावरचा डाग. जे कायम त्या माणसाचं आहे ते विचारल्याशिवाय काढू नका.

हे मी एका आईकडून शिकले. तिच्या मुलाचे, सहा वर्षांच्या, फोटो काढले होते, हनुवटीखाली एक बोटाच्या पेराएवढा पांढरट व्रण होता. मी सवयीने साफ केला, सगळ्या चाळीस फोटोंत, छान जमलं म्हणून खूशही होते. तिचा फोन आला. चिडली नव्हती, फक्त म्हणाली, 'ताई, त्याचा टाका कुठे गेला? दोन वर्षांचा असताना ऑपरेशन झालं होतं, त्यातून वाचला तो.' मी फोन ठेवला आणि चाळीसच्या चाळीस फोटो परत उघडून तो व्रण परत आणला. रॉ जागेवर होत्या म्हणून जमलं.

त्या दिवसापासून शूटच्या आधी विचारते, चेहऱ्यावरचं, अंगावरचं काही काढावं किंवा मुद्दाम ठेवावं असं आहे का. लोक उलटही सांगतात, एका बाईंना कपाळावरची खूण नको होती आणि ती त्यांच्यासाठी वाईट आठवण होती, मी काढली, कारण विचारलं नाही. चेहरा त्यांचा, ठरवणार त्या. घराबाहेरही मला ह्या एका फोनचा उपयोग झालाय, न मागता कोणाचं काही नीट करायला मी आता जात नाही.

११. फोटोचा हक्क कोणाचा, काढणाऱ्याचा की पैसे देणाऱ्याचा?

कायदा देशागणिक वेगळा आहे, काही ठिकाणी काढणाऱ्याचा धरतात, काही ठिकाणी पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क वेगळं काही ठरलं नसेल तर पैसे देणाऱ्याकडे जातो. म्हणून अंदाजावर राहू नका, करारात लिहा. आणि कॉपीराइट तुमचा असला तरी फोटोतल्या माणसाची परवानगी ही वेगळी गोष्ट आहे. लहान मुलांचे फोटो मी नमुना म्हणून कुठेच दाखवत नाही, आईवडील हो म्हणाले तरी नाही, कारण ज्याचा चेहरा आहे त्याला अजून विचारता येत नाही. धंद्याचं त्याने थोडं नुकसान होतं, होऊ दे.

१२. मोबाईल आणि एआयमुळे आपलं काम संपणार का?

१८८८ साली कोडॅकचा पहिला कॅमेरा आला, आत १०० फोटोंची फिल्म भरलेली, संपली की अख्खा कॅमेरा कंपनीकडे पाठवायचा. तेव्हापासून फोटो काढणं कोणालाही जमू लागलंय, तरी फोटोग्राफर राहिले. १९७५ मध्ये त्याच कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन ह्या इंजिनिअरने डिजिटल कॅमेरा बनवला, रिझोल्यूशन ०.०१ मेगापिक्सेल आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. आणि २०१२ मध्ये कोडॅकनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. मला ह्यातून एवढंच कळतं की जे काम मशीनने स्वस्तात होतंय त्याला धरून बसू नये. पासपोर्ट फोटोंचं आणि साध्या प्रॉडक्ट फोटोंचं माझं काम खरंच कमी झालंय, खोटं कशाला सांगू. पण जिथे कोणीतरी प्रत्यक्ष तिथे असावं लागतं, वेळेवर असावं लागतं आणि घाबरलेल्या माणसाला सैल करावं लागतं, ते काम वाढलंय.

१३. जोडप्याचे फोटो काढले, ते वेगळे झाले. एक म्हणतो डिलीट करा, दुसरी म्हणते मला हवेत. काय करू?

हे माझ्याकडे दोनदा झालंय. नमुना म्हणून कुठे दाखवले असतील तर ते त्याच दिवशी काढा, त्यात चर्चा नको. मूळ फाइल्स मात्र एकाच्या सांगण्यावरून पुसू नका. ज्याला हवेत त्याला करारात ठरलेलं द्या, ज्याला नकोत त्याला स्पष्ट सांगा की माझ्याकडून ते कुठेही दिसणार नाहीत. आणि कोण बरोबर, कोण चूक ह्यात एक शब्द बोलू नका, दोघंही तुम्हाला साक्षीदार करू बघतात, कारण तो दिवस तुम्ही फार जवळून बघितलेला असतो. आता करारात एक ओळ टाकते की दोघांच्या लेखी संमतीशिवाय मुदतीच्या आत फाइल्स पुसल्या जाणार नाहीत. मुदत किती, ते पुढच्या प्रश्नात.

१४. जुने फोटो किती वर्षं सांभाळायचे? आणि धंदा बंद करायचा झाला तर?

मी करारात तीन वर्षं लिहिते आणि प्रत्यक्षात सगळंच ठेवते, पण शब्द तीनचाच देते. मुदत संपायच्या दोन महिने आधी मेसेज जातो की तुमची प्रत उघडते का ते एकदा बघून घ्या. निम्म्या लोकांची पेनड्राइव्ह हरवलेली असते, त्यांना परत देते.

बंद करायचं झालं तर निदान सहा महिने आधी सगळ्यांना कळवा, एका फोनवर थांबू नका, नंबर बदललेले असतात. फोल्डरची नावं अशी ठेवा की तुमच्याशिवाय तिसऱ्या माणसालाही कळतील, आधी वर्ष, मग महिना, मग आडनाव. माझ्या असिस्टंटला डिस्क कुठे आहेत, पासवर्ड कुठे लिहिलाय आणि कोणाला काय द्यायचं राहिलंय हे माहिती आहे, ती यादी आम्ही दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मिळून तपासतो. ह्या सोमवारी यादीत चार नावं होती, त्यातल्या तिघांची पाकिटं बांधून झालीत, चौथ्यांचा फोन लागत नाहीये, उद्या परत करून बघणार आहे.